जालन्याला सळई आणायला जाताय? भावाआधी मीटरचं वजन करा

जालन्यात मिलच्या दारात जाऊन सळई घेतली की स्वस्त पडते, असं ऐकून घर बांधणारे आणि छोटे कंत्राटदार निघतात. हे अर्धंच खरं आहे. दोन दिवसांत तीन मिल आणि दोन दुकानं पालथी घातल्यावर निघालेला हिशेब असा की किलोमागे सगळ्यांत कमी भाव सांगितलेला मालच शेवटी सगळ्यांत महाग निघाला. भाव दोन रुपयांनी कमी होता, पण विक्री बंडलवर होती, काट्यावर नव्हती. ८ मिमीच्या बंडलात १२ मीटरच्या दहा सळ्या, कागदावर वजन ४७.४ किलो. तेच बंडल काट्यावर टाकलं तर ४३.९ किलो भरलं. बंडलमागे साडेतीन किलो लोखंड फक्त बिलात. दोन टन म्हणून ४२ बंडलं घेतली की १४७ किलो गेले. भाव ५५ रुपये धरला तरी आठ हजारांचा खड्डा, आणि दोन रुपये कमी भावातून वाचतात जेमतेम चार हजार. असं विकणारं ते एकच दुकान असतं तर नुसतं ‘तिकडे जाऊ नका’ म्हणून भागलं असतं. तसं नाही. म्हणून वजन स्वतः करायला शिका.

पोहोचणं सोपं आहे. छत्रपती संभाजीनगरहून साधारण साठ किलोमीटर, आणि समृद्धी महामार्गालाही जालन्याचा फाटा आहे. फक्त आधी फोन करून मिल कोणत्या पाळीत चालू आहे ते विचारा, कारण भट्ट्यांच्या वेळा वीजदराच्या वेळा बघून ठरतात आणि बंद मिल बघण्यात दिवस वाया जातो. चामड्याचे बंद बूट आणि सुती कपडे हवेतच. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड कातडीला चिकटतं.

आत शिरल्यावर आधी भंगाराच्या ढिगापाशी थांबा. जालन्यातली बहुतेक सळई विजेच्या इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड) वितळवून होते. ही भट्टी वितळवण्याचं काम चोख करते, शुद्ध करण्याचं नाही. सिलिकाचं अस्तर असलेल्या भट्टीत फॉस्फरस आणि गंधक जवळपास जेवढे आत गेले तेवढेच बाहेर येतात. म्हणून ढिगात काय आहे यावर सळईची अर्धी जात ठरते. मोटारींचं वाइंडिंग तसंच आत गेलं तर तांबं वाढतं आणि रोलिंगमध्ये पृष्ठभागाला बारीक तडे जातात. स्पंज आयर्नचं प्रमाण चांगलं असेल तर असली घाण पातळ होते. ज्या मिलकडे लॅडल रिफायनिंग भट्टी (वितळलेला रस शुद्ध करणारी वेगळी भट्टी) आहे, तिथे गंधक खाली आणता येतो; ‘डी’ ग्रेड (जास्त लांबण देणारा प्रकार) घ्यायची असेल तर हा प्रश्न विचाराच. एफई ५०० ग्रेडला (आकडा ताकदीचा) फॉस्फरस आणि गंधक मिळून ०.१०५ टक्के चालतात, एफई ५००डी ला ०.०७५. कार्बनची मर्यादा ०.३० वरून ०.२५ वर येते. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट (लोखंडात काय किती आहे ते सांगणारी तपासणी) दाखवा म्हटल्यावर जो लगेच त्या दिवशीच्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याचा, कागद काढतो, त्याच्याशी पुढे बोलावं. भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर मात्र चढू नका. भंगारात बंद डबा किंवा ओला माल गेला की रस उसळतो.

बिलेटचं, म्हणजे भट्टीतला रस ओतून केलेल्या चौकोनी दांड्याचं, थोडक्यात. काही मिल कास्टिंगमधून निघालेलं लाल बिलेट तसंच रोलिंगला घेतात, काही बाहेरून थंड बिलेट आणून पुन्हा तापवतात. बाहेरचं बिलेट वाईटच असतं असं नाही, पण मग हीट नंबरचा माग काढणं अवघड होतं.

रोलिंगमध्ये बिलेट एकामागून एक स्टँडमधून, म्हणजे रोलच्या जोड्यांमधून, बारीक होत जातं, आणि सळईवरच्या धारा शेवटच्या स्टँडच्या रोलवर कोरलेल्या खाचांतून उमटतात. कंपनीचं नावही तिथेच उमटतं. हाच स्टँड तुमचं वजन ठरवतो. पास, म्हणजे रोलवरची ही खाच, नवा असतो तेव्हा धार उंच उठते आणि मीटरचं वजन कमी बाजूला असतं. टनांमागून टन निघतात तशी खाच झिजून रुंद होते आणि सळई जड व्हायला लागते. मग रोलमधलं अंतर कमी करून वजन खाली आणतात, पण तोवर सळई किंचित लंबगोल आणि धारा बोथट झालेल्या असतात. म्हणून एकाच मिलच्या एकाच मापाच्या दोन लॉटमध्ये वजन वेगळं निघतं. ‘पास कधी बदलला?’ हा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं की माणूस जाणता आहे. उभं राहताना मात्र रोलिंगच्या रेषेत कधीही राहू नका. ८ मिमीची सळई सेकंदाला दहा मीटरच्या वर धावते. गाइडमधून सुटली की तिचा कॉबल होतो, म्हणजे लाल सळई हवेत वेटोळी घेत उडते. पळायला वेळ मिळत नाही.

आता टीएमटी बॉक्स, म्हणजे लाल सळईवर जोराचं पाणी मारून तिची कातडी कडक करणारी नळ्यांची पेटी. मिलमध्ये दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल, हा भाग अंधार पडताना जाऊन बघा. शेवटच्या स्टँडमधून सळई हजार अंशांच्या आसपास बाहेर पडते आणि जोराच्या पाण्याच्या नळ्यांतून क्षणात निघून जाते. बाहेरची कातडी एकदम थंड होऊन कडक होते, गाभा आत तापलेलाच राहतो. कूलिंग बेडवर गाभ्यातली उष्णता बाहेर येते आणि तीच कातडीला सहाशे अंशांच्या आसपास भाजून तिचा ठिसूळपणा काढते. हे डोळ्यांनी दिसतं: बॉक्समधून काळी पडून आलेली सळई बेडवर पडली की काही क्षणांत पुन्हा मंद लाल होते. तो लाल रंग सळईच्या लांबीभर सारखा हवा. एका मिलमध्ये तो इतका एकसारखा येत होता की एकामागून एक सळ्या बघत अर्धा तास कसा गेला कळलं नाही, आणि दिवसभराचा शीण उतरला. दुसऱ्या मिलमध्ये एकाच सळईवर हातभर लाल, हातभर काळं असे पट्टे होते. म्हणजे पंपाचा दाब टिकत नव्हता किंवा नोझल तुंबले होते. अशी सळई एका जागी वाकेल आणि हातभर पुढे तडकेल. पट्टे दिसले की तिथून माल घेऊ नका, भाव काहीही असो.

मे महिन्यात हे जास्त बघावं. मराठवाड्यात पाणी तापतं, तेच पाणी फिरवून वापरलं जातं आणि कूलिंग टॉवर कमी पडला की कातडी पातळ बसते. चांगल्या मिलमध्ये पाण्याचं तापमान आणि दाब दर पाळीला वहीत लिहिलेले असतात. ती वही मागा. सळईच्या पुढच्या टोकालाही पाणी कमी लागतं, म्हणून ते टोक छाटून टाकतात की नाही तेही बघा.

कातडी बसली की नाही याची परीक्षा घरीही होते. सळईचा काप घ्या, तोंड बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा आणि अल्कोहोलमधल्या पाच टक्के नायट्रिक आम्लात थोडा वेळ धरा. हे काम हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर करायचं. बाहेर गडद कडं आणि आत फिकट गाभा दिसतो. कडं पूर्ण गोल आणि सगळीकडे सारख्या जाडीचं हवं. एका बाजूला पातळ असेल तर सळई नळीच्या मधोमध नव्हती. कडं तुटलं असेल तर तो लॉट परत पाठवा. कडं फारच जाड असेल तर ताकद दिसते पण वाकवताना भरवसा नाही. आणि याच कारणासाठी फिटरला साइटवर सळई तापवून वाकवू देऊ नका. तापवली की हे कडं गेलं, राहिली साधी मऊ सळई.

आता वजन, ज्यासाठी ही सगळी वणवण. व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) घरीच ठेवा. धारेवर लावला तर जास्त दाखवतो, धारेच्या मधे लावला तर कमी, आणि या दोन्हींच्या आडून विक्रेता हवं ते पटवून देतो. बरोबर स्टीलची मीटरपट्टी आणि एक ग्रॅम दाखवणारा, तीन किलोपर्यंतचा डिजिटल काटा न्या. बरोबर एक मीटरचा तुकडा कटरने चौकोनी कापून घ्या. कातरीने कापलेलं टोक चेपलेलं असतं, त्यात लांबी फसते, आणि पाच मिलीमीटरची चूक म्हणजे अर्धा टक्का. मग हिशेब सरळ: मिलीमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. ८ मिमी ३९५ ग्रॅम, १० मिमी ६१७, १२ मिमी ८८८, १६ मिमी १५८०, २० मिमी २४७०. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकाप्रमाणे एकेका नमुन्याला १० मिमीपर्यंत आठ टक्के, त्यावर १६ मिमीपर्यंत सहा टक्के आणि त्याहून जाड सळईला चार टक्के कमी चालतं. म्हणजे ८ मिमीचा मीटर ३६३ ग्रॅमच्या खाली गेला, १० मिमीचा ५६८ च्या, १२ मिमीचा ८३५ च्या, १६ मिमीचा १४८५ च्या, तर तो माल मानकात बसत नाही. पूर्ण लॉटची सवलत याहून एक टक्का कमी असते. वरचं बंडल ७.४ टक्के कमी होतं, म्हणजे लॉट म्हणून नापास.

काट्यावर घेतली तरी डोळे उघडे ठेवा, तिथे धोका उलटा आहे. सळई जड असेल तर तेवढ्याच किलोत लांबी कमी येते. नेमक्या वजनाच्या ८ मिमीच्या एका टनात २११ सळ्या बसतात. सात टक्के जड माल असेल तर १९७. चौदा सळ्या, म्हणजे १६८ मीटर रिंगांचं लोखंड कमी, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी फिटर म्हणतो ‘माल कमी पडला’. म्हणून सौदा काट्यावर करा, पण मीटरचं वजन बिलावर लिहून घ्या. नगावर किंवा बंडलवर सौदा करूच नका. घाई होती, उशीर झाला होता, दुकानदार ओळखीचा निघाला, यातलं कुठलंही कारण चालणार नाही.

बंडल मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सळई मधोमध दुमडून येते, त्यामुळे सुट्या टोकांच्या बाजूला दहा सळ्यांची वीस टोकं दिसतात आणि मोजणी चुकते. वळणाच्या बाजूने मोजा. ८ मिमीच्या दहा, १० च्या सात, १२ च्या पाच, १६ च्या तीन, २० च्या दोन, हा चालू रिवाज. एखादी उलगडून टेपने मापाही. मानकात १२ मीटरला २५ मिलीमीटरच कमी चालतात. साडेअकरा मीटरची सळई बारा म्हणून घेऊ नका. आणि दुमडीचा भाग सरळ करून कॉलममध्ये वापरू देऊ नका, तो कापून रिंगांना किंवा चेअरला (वरची जाळी उचलून धरणाऱ्या आधाराला) घाला. जाड माल असेल तर लांब ट्रेलरवर सरळच मागवा, भाडं जास्त पडलं तरी.

गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा एकाच काट्यावर, आणि तो काटा विक्रेत्याचा नसावा. ट्रकचे मोठे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतात, म्हणून एक-दोन टनांसाठी छोटा काटा शोधा. रिकाम्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरला असेल तर भरल्या वजनालाही उतरवा. भाव विचारताना जीएसटी १८ टक्के धरून की सोडून, भरणीची हमाली कोणाची, ८ आणि १० मिमीला साइज डिफरन्स (बारीक मापाचा जादा भाव) किती, हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर बारा मिमीचा भाव ऐकून खूश होता आणि बिल बघून बसता.

ग्रेडबद्दल एकच. ड्रॉइंगवर एफई ५००डी असेल तर तीच घ्या. ‘५५० घ्या, लोखंड कमी लागेल’ हा सल्ला दुकानात ठरवायचा नाही. ताकद वाढली की काँक्रीटमध्ये रुतवायची लांबीही वाढते, ओव्हरलॅप बदलतो. ते इंजिनिअरने काढायचं काम आहे.

टॅगवर आयएस १७८६, ग्रेड, माप, हीट नंबर आणि सीएम/एल क्रमांक (भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, परवाना क्रमांक) असतो. तो क्रमांक तिथल्या तिथे बीआयएस केअर ॲपवर टाका आणि सळईवर उमटलेलं नाव त्याच कंपनीचं आहे का बघा. टॅगवरचा हीट नंबर टेस्ट सर्टिफिकेटवर सापडला नाही तर तो कागद दुसऱ्याच मालाचा आहे. सळईवर हलका तांबूस गंज असेल तर घाबरू नका, पाण्यातून निघालेली सळई पावसाळ्यात चार दिवसांत तशी होते. पापुद्रे सुटत असतील तर घेऊ नका.

साइटवर माल उतरला की प्रत्येक मापाच्या तीन सळ्यांमधून मीटरभराचे तुकडे काढा, हीट नंबरची चिठ्ठी तारेने बांधा आणि जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. वजन, ताण आणि वाकवण्याची, तिन्ही चाचण्या मागा. ५००डी ला किमान १६ टक्के लांबण यायला हवं. रिपोर्ट हातात येईपर्यंत सळई कापायला देऊ नका, कापलेला माल कोणी परत घेत नाही.