मी गप्प बसलो

काल शाल-श्रीफळ झालं. सूत्रसंचालन करणारा पोरगा माइकवर म्हणाला, "सुभेदार काका परदेशात लढून आलेत." टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले आणि बसलो. चूक सुधारली नाही. रात्रभर तेच डोक्यात.

लढलो कुठे? 2008 साली गोलानला होतो, कॅम्प झिवानीत. इस्रायल आणि सीरियाच्या मधे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या निळ्या टोप्या 1974 पासून उभ्या आहेत. पोस्टवर ऑस्ट्रिया-पोलंडची पोरं, गाड्यांवर जपानी, रसदेला आपण. माझ्या हातात रायफलपेक्षा रेशनचं रजिस्टरच जास्त असायचं. धमाका ऐकला तो एकदाच, जुन्या सुरुंगावर गाय गेली तेव्हा. पिवळी पाटी, लाल त्रिकोण. गायीला काय कळणार!

कारगिल बघितलेले बोलायला लागले की मी चहा आणायला उठतो. इतकी वर्षं उठतोय. मुलानंही कधी विचारलं नाही, तिकडं काय केलंत म्हणून. ही असती तर... जाऊ दे.

आणि खरं सांगायचं तर टाळ्या बऱ्या वाटल्या. टोचतंय ते हेच.

पहाटे ती नवरी आठवली. कुनेत्राचं फाटक, सीरियात जायचं. मुलगी इस्रायलच्या ताब्यातल्या गोलानची, द्रुझ पंथाची, नवरा सीरियात. एकदा पलीकडं गेली की माहेर संपलं. आमचा ट्रक थांबवून ठेवला होता, म्हणून दिसलं. पांढरा झगा डांबराला लागू नये म्हणून एका बाईनं मागून उचलून धरलेला. आईनं मिठी सोडली तशी ती चालायला लागली. वळून बघितलं नाही. शेजारच्या जपानी ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं.

2014 मध्ये बंडखोरांनी तेच फाटक घेतल्याची बातमी टीव्हीवर बघितली, तेव्हा घास उतरला नव्हता. म्हणजे आमच्या वेळी तिथं काहीच होत नव्हतं, ते आपोआप नव्हतं. कांदे, पाणी, डिझेल पोस्टवर वेळेवर जात होतं, त्यातला थोडा हात माझा. एवढंच. पण एवढं होतं.

दुपारी त्या पोराला फोन लावला. म्हटलं, अहवालात 'लढून' काढ. 'गोलानला रसदेत होते' असं लिही. तो म्हणाला, "काका, त्यात काय एवढं?"

मग त्याला नवरीचं सांगत बसलो.