दिवाळीचं धान्य गोळा करताना

बेळगावात गरजू घरांना दिवाळीला वाटायला गल्लीतून धान्य जमवायचं तर वसुबारसेच्या आठवडाभर आधी घरोघरी रिकाम्या पिशव्या द्या, काय हवं ते वर लिहून. नाहीतर सगळीकडून तांदूळच येतो. डाळ-तेल कोण देतंय! वाटताना एका गरजू घराला तांदूळ 5 किलो, तूरडाळ 1 किलो, तेल 1 लिटर, शिवाय रवा, पोहे, साखर, मीठ. बासमती आणि जाडा तांदूळ एकाच पोत्यात ओतू नका. शिजायला वेळ वेगळा लागतो, मग निम्मा भात गिच्च, निम्मा कच्चा. रव्यात जाळी दिसली की सरळ बाजूला काढा, नाहीतर शेजारच्या पिशव्यांतही किडे जातात. घरचा फराळ नकोच. वाटपापर्यंत चकली सादळते. रोख पैसे पावती फाडूनच घ्या, त्यातून रविवार पेठेत घाऊक डाळ-तेल उचला. पोती फळ्यांवर ठेवा, फरशीला ओल असते.