गडाचा नकाशा ग्रिडवर बसवतोय: स्कॅन, माप आणि हत्तीचं टोकन

तीन आठवड्यापूर्वीचा रविवार, रात्री साडेदहा. आम्ही ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, फासे आणि स्क्रीनवर नकाशा, आणि खेळ मी चालवतो. गडावरचा हल्ला चालू झाला आणि तिसऱ्याच राउंडला खेळ थांबला. धनुर्धारी खेळणारा दोस्त पुण्यातनं ऑनलाइन असतो, तो म्हणाला, "भावा, मी तटाच्या आत हाय का भाईर ते आधी सांग." बघतोय तर त्याचं टोकन (कॅरेक्टरचं छोटं चित्र) ग्रिडच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या जाळीच्या, चौकोनात अगदी नीट बसलंय पण माझ्या नकाशावरची तटाची रेघ बरोबर त्याच्या पोटातनं गेलेली. खाली दरवाज्यापाशी सगळं चोख, वर बुरुजाकडं जाईल तसं सरकत गेलेलं, आणि तो उभा होता जंगीमागं (तटातली बाण मारायची फट), म्हणजे पाचव्या एडिशनच्या (२०१४ च्या) नियमानं त्याला थ्री क्वार्टर कव्हर, म्हणजे पाऊण आडोसा मिळतो, एसी (त्याला मारायला शत्रूला फाशावर लागणारा आकडा) थेट ५ नं वाढतो. बाहेर असेल तर काहीच नाही. एवढ्या फरकावर त्याचं कॅरेक्टर जगणार का मरणार ते ठरत होतं. त्या रात्री मी त्याला कव्हर दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळा नकाशा काढून परत मुळापासनं बसवायला घेतला.

नकाशा माझा स्वतःचा आहे. पावसाळ्यात पन्हाळ्याला दोनदा जाऊन आलो, वाघबिळावरनं वर, तीन दरवाजा, अंधारबाव, अंबारखाना परत परत बघितलं आणि घरी येऊन त्यावरनं एक काल्पनिक गड रचला. हुबेहूब पन्हाळा नाही, पण धान्याची कोठारं, आत लपलेल्या जिन्याची विहीर आणि वळण घेऊन येणारा दरवाजा हे तिथनंच आलंय. काढला शाळेतल्या साध्या ग्राफ पेपरवर, १ सेंटिमीटरचे चौकोन, आडवे १८ आणि उभे २५, एक चौकोन म्हणजे ५ फूट. मग कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयला स्कॅन केला.

आता चूक कुठं झाली ते सांगतो कारण हातानं नकाशे काढणाऱ्या प्रत्येकाला ही लागणार. ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, आणि इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणजे माझा एक चौकोन ११८.११ पिक्सेलचा. मी स्क्रीनवर झूम करून एकच चौकोन मोजला, १२० च्या आसपास वाटला, ग्रिड साईझ १२० टाकली. पहिल्या चौकोनात १.८९ पिक्सेलचा फरक, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण तो प्रत्येक चौकोनाला साठत जातो, पंचविसाव्या ओळीला ४७ पिक्सेल होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा चौकोन, म्हणजे तट माणसाच्या पोटात. म्हणून एक चौकोन कधीच मोजायचा नाही. २० चौकोन एकदम मोजायचे आणि २० नं भागायचं, मग मोजताना एखादा पिक्सेल इकडं तिकडं झाला तरी त्याचा विसावा भागच चुकीत येतो. मला २० चौकोनाला २३६२ मिळाले, म्हणजे ११८.१. आकडा जुळला तेव्हा लई बरं वाटलं.

पण ग्रिड साईझ पूर्ण आकड्यातच देता येते, ११८.११ टाकता येत नाही. म्हणजे ग्रिड नकाशाला जुळवत बसण्यापेक्षा नकाशाच ग्रिडला जुळवायचा. फाउंड्रीत (आम्ही खेळतो ते सॉफ्टवेअर) नवीन सीनला, म्हणजे नकाशाच्या पानाला, मुळात १०० पिक्सेलचा चौकोन येतो, मग एक सेंटिमीटर बरोबर १०० पिक्सेल व्हायला पाहिजे. ए४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा, त्यामुळं ३०० डीपीआयचं २४८० बाय ३५०८ चं अख्खं स्कॅन सरळ २१०० बाय २९७० करायचं, झालं. इतकं सोपं गणित असेल हे मला कागदावर मांडून बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. मग ग्राफच्या पहिल्या उभ्या आणि पहिल्या आडव्या रेघेवर क्रॉप मारायचा, उरतं १८०० बाय २५००, म्हणजे नेमके १८ बाय २५ चौकोन, आणि ऑफसेट (ग्रिड बाजूला सरकवायचा आकडा) शून्य. ज्यांचा ग्रुप रोल२० वर (असंच दुसरं सॉफ्टवेअर) आहे त्यांच्यासाठी तिथला चौकोन ७० पिक्सेलचा, म्हणून तेच चित्र १२६० बाय १७५० करा आणि पेज १८ बाय २५ ठेवा. कोपरा धरून ताणत बसू नका, डोळ्याला बसलं असं वाटतं पण बसलेलं नसतं.

रिसाइझ करायच्या आधी मात्र तिरकेपणा काढायचा. कागद काचेवर १ अंश जरी वाकडा पडला तरी २५ चौकोनांच्या उंचीवर ०.४४ चौकोनाचा फरक पडतो, म्हणजे १२० च्या चुकीइतकंच नुकसान फक्त कागद वाकडा ठेवल्यानं. गिंपमध्ये (चित्र एडिट करायचं सॉफ्टवेअर) मेजर टूलनं ग्राफची एकच लांब रेघ टोकापासनं टोकापर्यंत धरली आणि स्ट्रेटन केलं. मोबाईलनं फोटो काढायचा विचार असेल तर सोडून द्या, लेन्समुळं कडेच्या रेघा वाकतात आणि वाकलेल्या रेघेवर कुठलीच ग्रिड बसत नाही. झेरॉक्सवाल्या काकांना स्कॅन जेपीजीत द्या असं आधीच सांगायचं. मी पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, पीडीएफ आली, त्यातनं चित्र बाहेर काढताना माप बदललं आणि परत जावं लागलं.

भिंती, म्हणजे टोकनची नजर आणि वाट अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या रेघा, मी जुन्या चित्रावर काढून ठेवल्या होत्या, तटाला सव्वाशे तरी तुकडे असतील. नवीन मापाचं चित्र टाकल्यावर त्या सगळ्या चुकल्या, दोन संध्याकाळी परत काढण्यात गेल्या. भिंती, दरवाजे, उजेड हे सगळं अलाइनमेंट पक्कं झाल्यावरच.

दुसरा आठवडा टोकनचा. ही चित्रं माझी धाकटी बहीण काढते, वॉटरकलरमध्ये, वरनं बघितल्यासारखी, आणि तिच्या हाताला खरंच तोड नाही. तिनं भाला घेतलेला मावळा दिला, मी चित्राच्या कडांना धरून चौकोनी क्रॉप केला आणि टोकन १ बाय १ केलं. भाला एवढा लांब की माणूस चौकोनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा राहिला. शिवाय टोकन फिरवलं की माणूस जाग्यावर न फिरता भाल्याच्या मधोमध फिरायचा, कारण टोकन चित्राच्या मध्याभोवती फिरतं आणि मध्य भाल्यावर आला होता. आता आम्ही ठरवलंय ते असं: कॅनव्हास ४५० बाय ४५०, शरीर बरोबर मधल्या ३०० मध्ये, डोकं अगदी केंद्रावर, भाला बाहेर जाईल तेवढा जाऊ दे. फाउंड्रीत रुंदी उंची १ आणि १ च, फक्त स्केल १.५. जागा एकाच चौकोनाची धरली जाते आणि भाला शेजारच्या चौकोनावर रुबाबात दिसतो. रुंदी वाढवून चित्र मोठं करायला गेलात तर माणूस नियमात पण मोठा होतो, हे दोन आकडे वेगवेगळे आहेत हे डोक्यात पक्कं पाहिजे.

आणखी एक, कॅरेक्टरच्या प्रोटोटाइप टोकनमध्ये (मूळ साच्यात) माप बदललं तर सीनवर आधीच ठेवलेली टोकनं बदलत नाहीत, नवीन ओढाल तीच बदललेली येतात. मी १४ मावळे पुसून परत ठेवले.

घोड्यावर आमची लई चर्चा झाली. नियमात घोडा लार्ज, २ बाय २, आणि तट्टू मीडियम, १ बाय १. आपल्याकडचं भीमथडी तट्टू अंगानं लहानच, पण मीडियम माणसाला मीडियम प्राण्यावर बसता येत नाही, मग मावळ्यांचं घोडदळच राहत नाही. शेवटी जागा २ बाय २ ठेवली आणि चित्राचं स्केल ०.८ केलं. वहिनी ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं कॅरेक्टर) खेळतात, त्यांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं चित्र लहान दिसतंय तर जागा पण लहान पाहिजे. त्यांचा मुद्दा बरोबरच आहे, कारण रिकाम्या दिसणाऱ्या चौकोनात माणूस उभा करायला गेलं की सॉफ्टवेअर अडवत नाही आणि मग वाद होतो. बहिणीनं यावर उपाय काढला, प्रत्येक मोठ्या टोकनच्या खाली जागेच्या कडेनं गेरूच्या रंगाची बारीक पट्टी. हत्ती ३ बाय ३, लांबट असल्यामुळं दोन्ही बाजूला मोकळं दिसतं, पण गेरूची कड दिसली की तिथं कुणी पाय ठेवत नाही.

काल रात्री परत तोच हल्ला खेळलो. नवीन नकाशावर दरवाजा बरोबर २ चौकोनांचा आहे, जुन्यावर तो दीड का अडीच ते कुणालाच कळायचं नाही. हत्ती ह्यूज, त्याला १५ फूट लागतात, दरवाजा १० फूट. नियम असा की एक साईझ लहान प्राण्याला पुरेल एवढ्या जागेतनं अंग चोरून जाता येतं, म्हणजे हत्ती आत येऊ शकतो, पण प्रत्येक फुटाला एक फूट जादा खर्च, त्याच्यावरचे हल्ले ॲडव्हांटेजनं (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) आणि त्याचे स्वतःचे डिसॲडव्हांटेजनं (लहान घ्यायचा). शिफ्ट दाबून टोकन ग्रिडला न चिकटवता दरवाज्यात मधोमध ठेवलं, कारण ३ चौकोनांचं टोकन २ चौकोनांच्या मध्यावर स्नॅप होतच नाही, अर्धा चौकोन कुठंतरी सरकतंच. पुण्याचा दोस्त त्याच जंगीमागं उभा, या वेळी पूर्ण आत, रेघ त्याच्या पायाशी. चार बाण, चारही ॲडव्हांटेजनं. माहूत तिसऱ्या बाणाला पडला. कॉलवर नुसता आरडाओरडा, वहिनींनी माइक बंद करायला लावला कारण घरात पोरं झोपली होती.

आता विहीर राहिली. अंधारबावीसारखी ती तीन मजली काढलीय, म्हणजे तीन वेगळे कागद, आणि जिना तिन्हीवर त्याच चौकोनात पडायला पाहिजे. आदल्या रात्री खिडकीच्या काचेवर कागद एकावर एक धरून खुणा केल्या, तिन्हीचा क्रॉप वरून सातव्या आणि डावीकडनं चौथ्या चौकोनापासनं धरलाय. पहिले दोन मजले जुळलेत. तिसऱ्याचा स्कॅन उद्या करून आणतो.