ऑफिसला जाताना कुत्र्याला घरात नक्की कुठं ठेवायचं?

पुण्यात फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणारे बरेच जण बाहेर पडताना त्याला बाल्कनीत ठेवतात. हवा खेळती असते, फरशी धुता येते, खाली बघण्यात त्याचा वेळ जातो. ही कारणं समजण्यासारखी आहेत, तरीही एकट्या कुत्र्यासाठी बाल्कनी ही घरातली सगळ्यात वाईट जागा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं कारण ऊन. सकाळी नऊला कुलूप लावताना बाल्कनीत छान सावली असते. पश्चिमेकडची बाल्कनी असेल तर दुपारी तीनला तिथंच रणरणतं ऊन येतं आणि ते बघायला घरात कुणी नसतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळीसच्या आसपास जातो. त्यात फरशी आणि भिंत तापून उष्णता परत फेकतात ती वेगळीच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो, आणि भोवतालची हवाच गरम असेल तर धापा टाकून फारसा उपयोग होत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना हे फार लवकर होतं. शंका असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला बाल्कनीच्या फरशीवर हाताचा पंजा उलटा टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर ती फरशी त्याच्या पायांसाठीही तापलेली आहे.

दुसरं कारण कठडा. दोन गजांमधून पिल्लाचं डोकं गेलं की अंगही जाऊ शकतं, आणि मोठं कुत्रं कुंडीवर, स्टुलावर, वॉशिंग मशीनवर चढून कठड्यावर पाय ठेवतं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पंचवीस किलोच्या लॅब्रेडॉरला अडवायला बनवलेली नसते. तिसरं कारण भुंकणं. खालून जाणारा प्रत्येक डिलिव्हरीवाला, वॉचमन, मांजर हे त्याच्या दृष्टीनं राखण करण्याचं काम असतं. दिवसभर ते काम करणाऱ्या कुत्र्याला झोप मिळत नाही, आणि सोसायटीत तक्रार जाते ती वेगळी. पावसाळ्यात तिरकी सर आली की आडोसाही उरत नाही.

बाल्कनीत किंवा जिन्याखाली आखूड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं तर कायद्यानंही चूक आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ त्यावर स्पष्ट बोलतं; हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यावरही.

मग कुठं? उत्तर कुत्र्याकडूनच मिळतं. रविवारी दुपारी तुम्ही घरात असताना तो आपणहून कुठं जाऊन आडवा होतो ते दोन-तीनदा बघा. बहुतेक घरांत ती जागा म्हणजे बेडरूमकडे जाणारा पॅसेज, सोफ्यामागचा कोपरा किंवा पलंगाजवळची भिंत. जिथं तो तुमच्यासमोर निवांत झोपतो, तीच जागा तुमच्यामागे त्याची असली पाहिजे. फक्त तुम्ही बाहेर जाताना कोंडलं जायची खोली वेगळी ठेवली, तर त्या खोलीचं दार दिसलं की तो घाबरायला लागतो, आणि ते अगदी साहजिक आहे.

ती जागा शक्यतो मुख्य दारापासून लांब असावी. लिफ्टचा आवाज, बेल, शेजाऱ्यांच्या चपला हे सगळं दारापाशी जास्त ऐकू येतं. एक खिडकी उघडी राहील अशी खोली बघा. खिडकीला ग्रिल आणि आत डासांची जाळी हवी.

बाथरूम नको. फरशी ओली, अंधार, खाली ठेवलेलं ॲसिड आणि फिनाइल, आणि कडी लागण्याचा धोका. स्वयंपाकघरही नको, आणि कुत्रं तिथं शिरू शकत असेल तर शेगडीची बटणं नुसती बंद करून भागत नाही. ओट्यावर पुढचे पाय टेकणाऱ्या कुत्र्याच्या पंजानं बटण फिरू शकतं. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा व्हॉल्व्ह. कचऱ्याचा डबा झाकणाचा असला तरी कपाटात ठेवा. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट, शिजवलेली हाडं यांतलं काहीही त्याच्या तोंडाला लागायला नको. कुंड्यांमध्ये कण्हेर असेल तर ती त्याच्या वाटेतून पूर्ण हलवा. तिचं पानसुद्धा विषारी असतं.

पॅसेज किंवा खोली अडवायला बेबी गेट, म्हणजे दारात बसवायचं गजांचं बुटकं फाटक, सगळ्यात सोयीचं. भिंतीत भोक न पाडता दाबून बसवायची गेट मिळतात, पण उडी मारणाऱ्या जड कुत्र्यापुढे ती सरकतात. वीस किलोच्या वरच्या कुत्र्याला स्क्रूनं बसणारं गेट घ्या. उंची किमान तीस इंच. उडी मारणारा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा असेल तर तेवढी पुरणार नाही, छत्तीसच्या पुढे जा. लहान पिल्लासाठी गजांमधलं अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा कमी असावं, नाहीतर डोकं अडकतं. दार बंद करण्यापेक्षा गेट बरं, कारण त्याला पलीकडचं दिसतं आणि तो दार खरवडत बसत नाही.

कडीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ही चूक फार जणांकडून होते. उड्या मारणारं कुत्रं आतून कडी किंवा लॅचचं बटण पाडू शकतं, आणि मग किल्ली हातात असूनही तुम्ही बाहेर, तो आत. त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाका किंवा मागे ओढून दोरीनं पक्की बांधा, आणि दार उघडं राहील असा जड अडकणा लावा. मुख्य दाराचा आतला बोल्टही असाच मागे ओढून बांधा.

क्रेट, म्हणजे कुत्र्यासाठीचा जाळीचा पिंजरा, वापरणार असाल तर मापात चूक करू नका. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी मोजा आणि त्यात दहा सेंटिमीटर मिळवा. उभा असताना डोक्यापर्यंतची उंची मोजून त्यात पाच ते दहा. आत तो उभा राहिला पाहिजे, गोल फिरला पाहिजे, पाय ताणून झोपला पाहिजे. ढोबळमानानं शिह त्झूला चोवीस इंची, बीगलला तीस, मध्यम इंडीला छत्तीस, लॅब्रेडॉरला बेचाळीस इंची क्रेट लागतो. आत असताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढा. पट्ट्याची कडी जाळीत अडकून गळा आवळला जाऊ शकतो. आणि क्रेट ही दिवसभर ठेवायची जागा नाही. दिवसा सलग चार तासांच्या पुढे मोठ्या कुत्र्यालाही ठेवू नये.

पिल्लाचं गणित वेगळं. वयाचे महिने अधिक एक, एवढे तास ते जास्तीत जास्त सू रोखू शकतं: दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, आणि ही ताणलेली मर्यादा आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन यायचं म्हणजे ट्रॅफिक धरून घर दहा-अकरा तास बंद. तेवढ्या वेळाला पिल्लू काय, मोठं कुत्रंही एकटं ठेवायला नको. दुपारी कुणीतरी यायलाच हवं: शेजारच्या आजी, डॉग वॉकर, किंवा कामाला येणाऱ्या मावशी. मावशींना किल्ली देताना एकच सूचना आवर्जून द्या: बाहेरचं दार आणि जाळीचं दार एकाच वेळी उघडं ठेवायचं नाही. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

त्याच्या जागेत काय ठेवायचं? व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय घसरतात, म्हणून खाली रबरी मॅट किंवा जाड सतरंजी, त्यावर त्याची रोजची गोधडी. गोधडी रोज धुऊ नका, त्याचा स्वतःचा वास तिच्यात राहू द्या. जी गोष्ट फाडून खातो ती मात्र ठेवू नका. गिळलेला कापूस आतड्यात अडकतो. पाणी किलोमागे दिवसाला साधारण पन्नास ते साठ मिलिलिटर लागतं, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकाच्या जागी दोन जड तळाची भांडी ठेवा, एक सांडलं तर दुसरं उरतं. सू करायची जागा अंथरुणापासून जितकी लांब जमेल तितकी ठेवा.

पंख्यावर किंवा एसीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. पुण्यात देखभालीच्या कामासाठी बऱ्याचदा गुरुवारी वीज जाते, आणि बंद खोलीतला एसी थांबला की खोली तासाभरात गुदमरते. म्हणून वीज नसतानाही सावली आणि वारा राहील अशीच खोली निवडा. वायर्स भिंतीला चिकटवून वर घ्या, डासांचं लिक्विड लावायचं मशीन जमिनीलगतच्या प्लगमध्ये ठेवू नका.

जागा तयार झाली म्हणजे काम झालं नाही. पहिले तीन-चार दिवस गेट उघडं ठेवूनच त्याला तिथं जेवण द्या. मग तो खात असताना गेट लावा, खाऊन व्हायच्या आत उघडा. मग तुम्ही नजरेआड व्हा: दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन, पाच, दहा मिनिटं. तो शांत राहिला तरच पुढचा टप्पा. ओरडला तर मागच्यावर या. चाळीस मिनिटांपर्यंत पोहोचलात की पुढचं सोपं जातं, कारण एकटेपणाचा ताण सुरुवातीच्या अर्ध्या तासात सर्वात जास्त असतो. निघताना रबरी पोकळ खेळण्यात बिनसाखरेचं दही आणि उकडलेला लाल भोपळा भरून फ्रीझरमध्ये गोठवलेलं द्या. ते चाटण्यात तो अर्धा तास गुंततो. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विष आहे.

जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून पहिला तास बघा. तो झोपला किंवा नुसता पडून राहिला तर जागा बरोबर. लाळेनं छाती भिजलेली, दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे, सतत येरझाऱ्या, घरात शिकलेला असूनही सू. हे दिसलं तर तो हट्ट नसतो, भीती असते. वेळ कमी करा आणि पशुवैद्यांशी बोला. अशा कुत्र्याला अधिक मजबूत क्रेटमध्ये कोंडलं तर तो दात आणि नखं मोडून घेतो.

दिवाळीच्या फटाक्यांत आणि विसर्जनाच्या ढोल-ताशांत त्याला एकटं ठेवूच नका. टाळता आलं नाही तर खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये, बाकी खोल्यांचे पडदे ओढून, पंखा आणि टीव्ही लावून. बंगल्यात किंवा रो-हाउसमध्येही अंगण हा पर्याय मी धरत नाही. फाटकाखालची फट आणि उन्हाळ्यातली साप-विंचवाची भीती तिथं असतेच. जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात तर अंधार पडल्यावर कुत्रं बाहेर नकोच.

घरी परतल्यावर आधी त्याला खाली नेऊन सू करू द्या, मग लाड. आत कुठं ओलं दिसलं तर ओरडू नका. तासापूर्वीच्या सूचा आणि तुमच्या आवाजाचा संबंध त्याला लागत नाही, फक्त तुमच्या येण्याची धास्ती बसते. फिनाइलनं पुसलं तरी त्याच्या नाकाला मूळ वास लागतोच आणि तो पुन्हा तिथंच करतो. एन्झाइमचं क्लीनर वापरा, किंवा निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी करून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फरशी शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर मात्र व्हिनेगर नको, त्यानं दगडाची चकाकी जाऊन पांढरा डाग राहतो.