कान्हेरीच्या पावसात काकांना भरलेला गारठा

जुलैतल्या एका रविवारी सत्तरी ओलांडलेल्या काकांना घेऊन मी कान्हेरी लेणी पाहायला गेलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवली पूर्वेच्या प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत असल्याने आम्ही बसने गेलो, तिसऱ्या लेण्यातले चैत्यगृह निवांत पाहिले आणि वर चढलो. वाटेत सर आली, छत्री वाऱ्याने उलटली आणि तासभर आम्ही ओलेत्यानेच एका लेण्याच्या ओट्यावर बसून राहिलो.

हवा २५ अंशांच्या आसपास होती, म्हणून काका कुडकुडू लागले तरी मी ते मनावर घेतले नाही. पण पुढे त्यांना चिक्कीचे वेष्टनही सोडता येईना; बोटे त्यावरून नुसती घसरत होती आणि जीभ जड झाली होती. दोन तरुणांच्या मदतीने त्यांना खाली आणले. दवाखान्यात ताप मोजला तो ९४.६ फॅरनहाइट. ९५च्या, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या खालचे तापमान धोक्याचे समजतात.

मुंबईत हे कसे घडले, याचा उलगडा डॉक्टरांनी केला. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, त्यात अंगावर वाळणारे सुती कपडे, वारा आणि बुडाखालचा गार दगड यांची भर पडली. कुडकुडण्यातून स्नायू ऊब निर्माण करतात, पण काका सकाळी केवळ चहावर निघाले होते. शिवाय थायरॉइड मंद असलेल्या माणसाच्या शरीरात मुळातच उष्णता कमी तयार होते आणि त्यांनी महिनाभर गोळीच घेतली नव्हती. हे मी आधी विचारायला हवे होते. मद्य, झोपेच्या गोळ्या, रक्तातली साखर उतरणे यांनीही तापमान घसरते. वृद्धांत आणि तान्ह्या बाळांत तर गंभीर जंतुसंसर्गात ताप चढण्याऐवजी अंग गार पडू शकते.

वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा जोड, चादर, बसायला जाड सतरंजी आणि थर्मासमध्ये गोड चहा घ्यावा. कुडकुडणे सुरू होताच ओले कपडे उतरवून छाती-पोट आधी पांघरावे, हातपाय चोळू नयेत. माणूस नीट शुद्धीवर असेल तरच चहा पाजावा. कुडकुडणे थांबून माणूस सुस्तावला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नये, लगेच १०८ला फोन करावा. घरगुती थर्मामीटरवर बहुधा ३२ सेल्सिअसखालचा आकडा उमटतच नाही, तेव्हा यंत्र बिघडले असे मानून वेळ घालवू नये.