नोंदवही, तिसरा उन्हाळा: वाई ते मेणवली

चैत्राचा पहिला आठवडा. सकाळी सहाला वाईच्या गणपती घाटावरून निघालो: मी, आत्या आणि आमचा कुत्रा वाघ्या. या वाटेवरच्या ठरलेल्या चौदा झाडांना कधी पालवी, फुलं, फळं येतात ते मी दर फेरीत नोंदवते. मेणवली इथून तीन किलोमीटर, एरवी पाऊण तासाची वाट. आज सव्वादोन तास लागले. वाघ्या अकरा वर्षांचा झालाय, आत्याचा गुडघा दुखतो, त्यामुळे चाल मंद. पण तीन वर्षांतली ही माझी सगळ्यात चांगली फेरी. चौदाच्या चौदा झाडांपाशी थांबले आणि प्रत्येक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नीट पाहिलं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी नोंदीची पद्धत सांगते. झाडं ठरलेली, वार ठरलेला. पालवी, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ‘नाही, थोडं, भरपूर’ एवढंच लिहायचं. टक्केवारीच्या नादी मी पहिल्या वर्षी लागले होते. दोन फेऱ्यांतले आकडे एकमेकांशी जुळेनात.

चार नंबरचा पळस. मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत याच्यापुढे ‘फुलं संपली’ लिहून मी पुढे गेले होते. आज वाघ्या त्याच्याच सावलीत बसला आणि उठेना, म्हणून वर बघत राहिले. फांद्याफांद्यांवर शेंगा! चपट्या, फिकट हिरव्या, मखमली लव असलेल्या. एक खाली पडली होती, ती उजेडासमोर धरली. आख्खी शेंग कागदासारखी पोकळ आणि बी फक्त टोकाला, एकच. हीच पळसपापडी. वारा शेंगेला भिंगरीसारखा लांब नेतो तो या रचनेमुळे. दोन वर्षांच्या ‘फळं’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलंय, त्यावर आता प्रश्नचिन्ह टाकलं.

पुढे वावळ. पानं अजून नाहीत, सगळं झाड गोल पापड्यांनी भरलेलं. आत्या म्हणाली, “आम्ही शाळंत जाताना ह्येच खायचो. सोल आन् बी खा.” सोलून खाल्लं. चव चारोळीच्या जवळची.

मेणवलीच्या अलीकडे एका शेतात हळद शिजत होती. वाफेचा तो ओला, मातकट वास लांबूनच आला. मालकांनी एक कांडी काढून काडी टोचून दाखवली. काडी सहज आत गेली की शिजली. मग उन्हात वाळवण.

इथेच वाघ्या लंगडायला लागला. बांधावरचं कुसळी गवत वाळलंय, त्याचं एक कुसळ पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये शिरलं होतं. कुसळाची शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो आणि टोक आत आत घुसत जातं. जमिनीत बी पेरायची ही त्याची युक्ती, पण कुत्र्याच्या कातडीतही ते तसंच शिरतं. आत्यानं त्याचं डोकं मांडीवर धरलं, मी चिमट्यानं सरळ ओढून काढलं. चिमटा आता दुर्बिणीच्या पिशवीतच राहणार. कुत्रा नेणाऱ्यांनो, घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आतली बाजू रोज तपासा. डांबरी रस्त्यावर आधी तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच सेकंदं सोसवलं नाही, तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

साडेआठला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर बसलो. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली ती मोठी घंटा तिथेच, मेणेश्वराच्या देवळाजवळ. वाघ्या कृष्णेच्या पाण्यात पोटापर्यंत उभा राहिला. पलीकडच्या काठावर तांबट पक्षी एकसारखा टुक-टुक करत होता. पंधरा मिनिटं शोधला, दिसला नाही. ‘फक्त आवाज’ अशी नोंद.

नऊ नंबरचा बहावा अजून गप्प आहे. दोन फांद्यांवर बोटभर लांबीचे कळ्यांचे घोस, बाकी ‘नाही’. तुमच्याकडचा उमलला असेल तर गाव आणि तारीख कळवा. आत्या पुढच्या रविवारी यायला तयार आहे, फक्त साडेपाचला निघूया म्हणते, ऊन चढायच्या आत.