तुम्ही विचारलंत म्हणून: कान्टपासून सुरुवात करू का?

'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे मूळ ग्रंथ वाचायचे आहेत. थेट कान्टपासून, म्हणजे अठराव्या शतकातल्या या जर्मन तत्त्वज्ञापासून, सुरुवात केली तर चालेल का?' हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक नोकरी-संसार सांभाळून वाचणारे असतात आणि वेळ वाया जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: कान्ट शेवटी. सुरुवात सतराव्या शतकातल्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञापासून करा, आणि त्याच्यावर लोकांनी घेतलेले आक्षेपही तितकंच मन लावून वाचा.

देकार्तचं 'मेडिटेशन्स' (म्हणजे 'चिंतनं') १६४१ साली छापून आलं, तेच मुळी आक्षेपांसकट. हस्तलिखित आधी जाणकारांना वाचायला दिलं गेलं. हॉब्ज, गॅसेंडी, आर्नो यांनी त्यातले कच्चे दुवे दाखवले, आणि त्यांचे आक्षेप व देकार्तची उत्तरं एकाच ग्रंथात आली. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हे शब्द ज्यांच्या कानावर आहेत त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. मूळ चिंतनं सहाच आणि छोटी. आक्षेप-उत्तरांचा पसारा त्यांच्या कितीतरी पट मोठा. विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्त्यांत हा भाग बऱ्याचदा कापलेला असतो, तेव्हा विकत घेताना बघून घ्या. आर्नोचा एक आक्षेप तर साडेतीनशेहून अधिक वर्षं गाजतो आहे. जे स्पष्टपणे कळतं ते खरंच असतं याची हमी देव देतो, असं देकार्त म्हणतो. पण देव आहे हे तरी आपण कशावरून मानायचं? ते स्पष्टपणे कळतं म्हणूनच ना? देकार्तने याला उत्तर दिलं आहे. ते पुरेसं आहे का, हे वाचणाऱ्याने स्वतः ठरवायचं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगमध्ये आश्रयाला. मे १६४३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने देकार्तला पत्र लिहून विचारलं: तुमच्या मते आत्म्याला आकार नाही, तो जागा व्यापत नाही, मग तो शरीराला हलवतो कसा? ढकलायचं म्हटलं तर स्पर्श हवा, आणि स्पर्शाला आकार हवा. देकार्तचं उत्तर आलं, ते तिला पटलं नाही. तिने पुन्हा लिहिलं की निराकार वस्तू शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्मा जागा व्यापतो हे मानणं मला सोपं जाईल. घरच्या जबाबदाऱ्यांतून विचाराला फुरसत मिळत नाही, हेही तिने त्याच पत्रात लिहिलं आहे. यावर देकार्त कळवतो की निव्वळ बुद्धीच्या विषयांना मी स्वतः वर्षाकाठी काही तासच देतो. वेळ मिळत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा पत्रव्यवहार वाचायला सांगतो. देकार्त १६५० मध्ये वारला, तोवर हा पत्रव्यवहार चालू होता, आणि भावनांवरचा त्याचा शेवटचा ग्रंथ तिच्या प्रश्नांतूनच वाढला.

पुढे स्पिनोझा. त्याच्या 'एथिक्स'ला लोक घाबरतात, कारण ते भूमितीच्या पुस्तकासारखं रचलेलं आहे: व्याख्या, गृहीतकं, सिद्धान्त. पहिल्या वाचनात सगळे पुरावे तपासत बसू नका. पहिल्या भागाचं परिशिष्ट आधी वाचा. तिथे एका माणसाच्या डोक्यावर छपरावरून दगड पडतो आणि तो मरतो. वारा सुटला म्हणून दगड पडला, असं तुम्ही सांगता. मग वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस त्याच वेळी तिथून का चालला होता? असे प्रश्न विचारत विचारत समोरचा तुम्हाला देवाच्या इच्छेपाशी नेऊन पोचवतो, आणि स्पिनोझा त्या जागेला अज्ञानाचा आसरा म्हणतो. ज्याला १६५६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, स्वतःच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलं आणि ज्याचा हा ग्रंथ मृत्यूनंतर १६७७ मध्ये छापला गेला, त्याचं हे लिखाण आहे. ही तीन-चार पानं वाचून झाल्यावर ती रूक्ष भूमिती कशासाठी मांडली आहे ते कळतं, आणि मग मागे वळून सिद्धान्त वाचायला बळ येतं.

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचा 'एसे', म्हणजे मानवी आकलनावरचा त्याचा ग्रंथ, अखंड वाचायची गरज नाही, निवडक प्रकरणं पुरतात. लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने त्याला ओळीओळीने उत्तर देणारं पुस्तक लिहिलं, पण १७०४ मध्ये लॉक वारला आणि लायब्निझने ते छापलंच नाही. १७६५ मध्ये ते बाहेर आलं. जडवस्तू नाहीतच, आहेत ती फक्त मनं आणि त्यांतल्या कल्पना, असं म्हणणाऱ्या बर्कलीचे 'तीन संवाद' मात्र पूर्ण वाचा, ते दोन-तीन बैठकींत होतात.

ह्यूमसाठी त्याच्या आधीच्या जाडजूड 'ट्रीटीज'ऐवजी १७४८ ची 'एन्क्वायरी' घ्या. चौथं प्रकरण सावकाश वाचा. ह्यूम म्हणतो, आदमची बुद्धी अगदी निर्दोष होती असं धरलं, तरी पाण्याचा पातळपणा आणि पारदर्शकपणा पाहून आपण यात गुदमरू हे त्याला कळलं नसतं. कारणातून कार्य निघतं हे बुद्धी सांगत नाही, अनुभवाची सवय सांगते. हे पटकन पटतं आणि मग पुष्कळ दिवस झोप उडवतं.

भाषा आड येत असेल तर जोनाथन बेनेट या प्राध्यापकांनी यातले बरेचसे ग्रंथ, एलिझाबेथची पत्रंसुद्धा, आजच्या सुटसुटीत इंग्रजीत उतरवून इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. पहिल्या वाचनाला ते खुशाल वापरा.

आता कान्ट. ह्यूमच्या आठवणीने आपली झोप मोडली, असं त्याने स्वतःच 'प्रोलेगोमेना'त लिहिलं आहे. म्हणून हे १७८३ चं छोटं पुस्तक आधी, 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' नंतर. 'क्रिटीक' १७८१ मध्ये आलं, त्यावरच्या एका परीक्षणाने कान्टला बर्कलीच्या पंक्तीत बसवलं, आणि कान्ट भडकला. 'प्रोलेगोमेना'च्या शेवटी हा राग स्पष्ट दिसतो. १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर त्याने बाहेरच्या वस्तूंचं अस्तित्व नाकारणाऱ्या किंवा त्यावर शंका घेणाऱ्या मताचं वेगळं खंडनच घातलं. बर्कली वाचलेला नसेल तर ही पानं कोणाशी भांडताहेत तेच कळत नाही. ह्यूमचंही तसंच. कार्यकारण ही अनुभवातून आलेली सवय नव्हे, ती नसेल तर अनुभवच घडणार नाही, असं कान्टचं उत्तर आहे. मला ते भव्य वाटतं, पण ह्यूमची शंका त्याने पुरती फिटते असं वाटत नाही. तुमचं मत वेगळं पडलं तर मला जरूर कळवा, फक्त त्याआधी 'एन्क्वायरी'चं ते चौथं प्रकरण वाचलेलं असू द्या.